मर म्हणण्याआधी

तूर वाळली की मराठवाड्यात तिचे निदान दोन शब्दांत उरकते: मर लागली. बांधावर उभा असलेला शेतकरी तेच म्हणतो, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागचा माणूस तेच म्हणतो, आणि तेवढ्यावर आळवणीच्या औषधाची बाटली पिशवीत पडते. मर हा खराच रोग आहे. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी मुळातून शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या निकामी करते, आणि फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना उभे झाड मान टाकते. खोड उभे चिरले तर आत तपकिरी-काळ्या रेघा सापडतात; बाहेरून बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो. एवढे दिसल्यावर खुशाल मर म्हणावे. पण खोड चिरून पाहणारे थोडे, आणि मुळे धुऊन पाहणारे त्याहून थोडे. हा लेख त्या न धुतलेल्या मुळांबद्दल आहे.

शेतात आणखी एका प्रकारची तूर दिसते. ती मरत नाही. एखाद्या खोलीएवढ्या जागेत ती गुडघ्याच्या वर जात नाही. पाने लहान आणि फिकट, फुले उशिरा, शेंगा मोजक्या. चार तास सोडून पलीकडची तूर छातीला लागते आणि इथे हे असे. शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणतो, इथली जमीनच हलकी आहे, खाली मुरूम आहे. किंवा इथे पाणी साचते, चिबड आहे. पुष्कळदा ते खरे असते. पण ती जागा दरसाल थोडी थोडी वाढत असेल, नांगर-वखराच्या दिशेने लांबट पसरत असेल, तर दोष नुसत्या जमिनीच्या कसात शोधून भागणार नाही. त्या जागच्या कडेचे एखादे झाड कुदळीने मातीसकट खणून काढावे, मुळे बादलीत हलक्या हाताने धुवावीत आणि बारीक तंतुमुळे दहापट भिंगाखाली धरावीत. मुळाला चिकटलेले पांढरे, चमकदार, टाचणीच्या डोक्याहून लहान मणी दिसले, तर ती हेटेरोडेरा कजानी, म्हणजे तुरीवरची सिस्ट सूत्रकृमी असण्याचा दाट संशय घ्यावा. या लक्षणाला शास्त्रज्ञांनी मोत्यांच्या मुळांचा रोग असेच नाव दिले आहे.

सूत्रकृमी हे प्रकरण डाळिंब, अद्रक आणि टोमॅटो पिकवणाऱ्यांना नवे नाही. ते तिला निमॅटोड म्हणतात आणि तिचा धसका घेतात. त्यांची निमॅटोड वेगळी: मेलॉयडोगायनी, मुळावर गाठी करणारी. त्या गाठी नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणून तिचे नाव सर्वतोमुखी झाले, तिच्यासाठी औषधे आली, दुकानांत पोस्टर लागली. सिस्टवाली जात गाठ करत नाही. मूळ वरवर धडधाकट दिसते. तिला हुडकायला भिंग लागते, आणि कोरडवाहू तुरीच्या शेतात भिंग घेऊन कोणी जात नाही. डाळिंबाच्या एका झाडाची किंमत आणि तुरीच्या एका झाडाची किंमत यांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर या दोन किडींकडे दिलेल्या लक्षात पडले आहे. मला हे चुकीचे वाटते, कारण तूर हे लाखो कोरडवाहू घरांचे रोखीचे पीक आहे आणि घरातल्या वरणाचेही.

या जिवाची चाल समजून घेण्याजोगी आहे. अंड्यातून बाहेर पडते ती दुसऱ्या अवस्थेतली पिल्लू-अळी. लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, जाडी केसाहून कमी. तोंडात पोकळ सुई. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातून ती सरपटते, कोवळ्या मुळात घुसते आणि मुळाच्या आतल्या पेशींतून आपल्यासाठी एक मोठी खाद्यपेशी घडवून घेते. एकदा हे ठिकाण जमले की मादी हलत नाही. ती तिथेच फुगत जाते. डोके मुळाच्या आत, बाकीचे अंग बाहेर. आधी पांढरी, मग पिवळट, शेवटी तपकिरी. मेल्यावर तिची कातडी कमावलेल्या चामड्यासारखी चिवट होते आणि पोटातली अंडी तशीच सांभाळते. हे चिवट कवच म्हणजे सिस्ट, मराठी पुस्तकांत पुटी. तुरीवरची मादी काही अंडी बाहेर चिकट पिशवीतही घालते. ती लवकर फुटतात आणि त्याच हंगामात पुढची पिढी उभी करतात. कवचातली अंडी मात्र थांबतात. वर्ष जाते, पीक बदलते, उन्हाळा तापतो. मग कधीतरी पुन्हा तुरीची मुळे जवळ येतात, त्यांतून झिरपणारा रस अंड्यांना पोचतो आणि अळ्या जाग्या होतात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पी. के. कोशी आणि गोपाल स्वरूप यांनी या जातीचा जीवनक्रम मोजला आहे. सुमारे २९ अंश सेल्सिअसला एक पिढी १६ दिवसांत पुरी होते. थंडीत तिलाच ४५ ते ८० दिवस लागतात. मराठवाड्यात तूर मृगाच्या पावसावर पेरली तर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात उभी असते. म्हणजे एकाच हंगामात या सूत्रकृमीच्या कितीतरी पिढ्या एकाच झाडाच्या मुळांवर वाढतात. जुलैत पाच-पन्नास असलेल्या किडीचे दिवाळीपर्यंत काय होत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

मी राहतो ते पुंडलिकनगर हा छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेडा परिसराचा भाग. इथे शेत नाही. गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला वळले की दोन्ही बाजूंनी दुकाने, शिकवण्यांच्या पाट्या, भाड्याच्या खोल्या, आणि मागच्या गल्ल्यांत दुमजली-तिमजली घरे. पण या घरांतल्या बहुतेकांचा एक पाय गावात आहे. कुणाचे शेत फुलंब्रीकडे, कुणाचे पैठणकडे, कुणाचे जालना किंवा बीड जिल्ह्यात. मुले इथे शिकतात, नोकरी करतात. सातबारा गावी असतो आणि तिथली काळजी फोनवर इथे येते. म्हणून तुरीच्या मुळांची गोष्ट मला शहराच्या या वस्तीतून सांगावीशी वाटली. शेतातल्या प्रश्नाला प्रयोगशाळेपर्यंत पोचवणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो: शहरात राहणारा मुलगा, पुतण्या किंवा जावई, ज्याच्या गाडीच्या डिकीत पिशवी टाकता येते.

आमच्या गल्लीत वनस्पतिरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक टेबल, जुना द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, पितळी चाळण्यांची चळत आणि दोन बादल्या असतात. गल्लीतल्या एका काकांची तूर जालना जिल्ह्यात आहे. ते एका सकाळी पिशवी घेऊन आले तेव्हा मी तिथेच होतो.

"मर लागली सर. दुसरं काय असणार?"

"मुळं आणलीत का?"

"मुळं नाही आणली. पानं आणलीत, पिवळी पडलेली. शेंडाही आणलाय."

"काका, पानावर नुसतं दुखणं दिसतं. पुढच्या वेळी झाड मुळासकट आणा, आणि मुळाभोवतीची माती आणा. ओढून काढू नका, बारीक मुळं जमिनीतच तुटून राहतात."

पुढच्या खेपेला काकांनी सांगितल्याप्रमाणे चार-पाच झाडे आणि माती आणली. मुळे धुतल्यावर त्यांनी स्वतःच बोट ठेवले: "ह्या बघा गाठी. निमॅटोड!" सरांनी एक गाठ नखाने बाजूला ढकलली. ती सहज निघाली. ब्लेडने चिरली तर आत गुलाबी. "ही रायझोबियमची गाठ. ही तुमच्या तुरीला हवेतला नत्र मिळवून देते. हिला मारायचं औषध टाकलं असतं तर आपलंच नुकसान." हा फरक तूर, मूग, उडीद पेरणाऱ्या प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावा. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सुटते आणि कामाची असेल तर आतून गुलाबी असते. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ती सुटत नाही, मूळ तुटते. सिस्ट या दोन्हींहून वेगळी: ती गाठच नव्हे, मुळावर बाहेरून दिसणारा मादीचा देह आहे, आणि जिवाणूंच्या गाठीच्या शेजारी ठेवली तर अगदीच ठिपक्याएवढी. तिन्ही एकाच मुळावर असू शकतात.

मग माती धुण्याचे काम. काळी माती या कामाला फार चिवट. ढेकूळ पाण्यात टाकले की लगेच फुटत नाही, आणि फुटले की पाणी इतके गढूळ होते की चाळणी दर मिनिटाला तुंबते. सरांनी माती रात्रभर भिजवली. सकाळी पाव लिटरच्या मापाने भिजकी माती बादलीत घेतली, पाणी भरून हाताने ढवळली, जड वाळू तळाशी बसण्यापुरते काही क्षण थांबले आणि वरचे पाणी चाळण्यांवर ओतले. वरची जाड चाळणी, २० मेशची, काडीकचरा अडवते. मधली ६० मेशची. तिची भोके पाव मिलिमीटरची, आणि सिस्ट बहुतांश हिच्यावर राहतात. खालची ३५० मेशची, जिच्यावर जिवंत अळ्या सापडतात. ओतणे, ढवळणे, थांबणे, पुन्हा ओतणे. ही पद्धत नेथन कॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१८ साली मांडली, आणि आजही जगभर सूत्रकृमी मोजायला सुरुवात इथूनच होते. तळच्या चाळणीतला गाळ टिश्यू पेपरवर पसरून पाण्याने भरलेल्या नरसाळ्यावर ठेवतात. एक-दोन दिवसांत जिवंत अळ्या कागदातून खाली उतरून नळीच्या टोकाशी जमतात. ही युक्ती जावा बेटावर काम करणाऱ्या बेअरमन नावाच्या डॉक्टरची, १९१७ सालची. त्यांना मातीतल्या अंकुशकृमी हव्या होत्या. शेतीवाल्यांनी ती उचलली.

सिस्टला नरसाळे लागत नाही, कारण ती हलत नाही. मधल्या चाळणीवरचा ऐवज सरांनी पांढऱ्या बशीत घेतला आणि काठाला गाळणकागदाची पट्टी लावली. हलके कण तरंगत जाऊन पट्टीवर पाण्याच्या रेषेत लागले. त्या रेषेवर काय नव्हते? गवताचे बी, बुरशीचे काळे कण, कीटकांच्या काती, वाळू. सूक्ष्मदर्शकाखाली सर एकेक कण बांबूच्या बारीक काडीने हलवून पाहत होते. "ही बघा," म्हणाले. मला एक तपकिरी, लिंबाच्या आकाराचा दाणा दिसला. एका टोकाला मान, दुसऱ्या टोकाला उंचवटा. बी असते तर मान नसती. सरांनी त्यावर सुई टेकवून दाबले. कवच फाटले आणि आतून अंडी बाहेर आली, लांबोळकी, पारदर्शक, आणि प्रत्येकात घडी घालून झोपलेली एक अळी स्पष्ट दिसत होती. दुसरा दाणा दाबला, तो रिकामा निघाला. जुना, फुटून गेलेला. नुसते सिस्ट मोजून भागत नाही ते यासाठी. शंभर रिकाम्या कवचांपेक्षा अंड्यांनी भरलेली दहा कवचे पुढच्या पिकाला घातक, म्हणून अहवालात अंड्यांचा आणि अळ्यांचा आकडा लागतो.

काकांनी वाकून पाहिले आणि बराच वेळ डोळा काढला नाही. अर्धे आयुष्य तुरीच्या शेतात काढलेल्या माणसाने तिच्या मुळावरचा शत्रू पहिल्यांदा पाहिला होता.

"मग ही तुरीचीच ना सर?"

"वाटते तुरीची. पण शंकू कापून पाहिल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

हा शंकू म्हणजे सिस्टच्या मागच्या टोकाचा उंचवटा. जात ठरवण्याचे खरे काम इथे होते. मागचे टोक धारदार पात्याने कापतात, आतली घाण साफ करतात आणि ग्लिसरीन जेलीत काचपट्टीवर उभे बसवतात. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तिथे पातळ पडद्याच्या खिडक्या दिसतात, ज्यांतून पुढे अळ्या बाहेर पडतात. बटाट्यावरच्या ग्लोबोडेराचा सिस्ट गोल असतो, त्याला शंकूच नसतो आणि खिडकी एकच, गोल. गव्हावरच्या हेटेरोडेरा अव्हेनीला दोन वेगवेगळ्या गोल खिडक्या. तुरीवरच्या कजानीला दोन अर्ध्या खिडक्या, मध्ये अरुंद पूल, त्याखाली आणखी एक आडवी पट्टी आणि आजूबाजूला गडद फोडांसारखे उंचवटे. मक्यावरच्या हेटेरोडेरा झिएची ठेवण कजानीच्या इतकी जवळ जाते की फोडांची जागा आणि आकार बारकाईने पाहावा लागतो. त्याच्या जोडीला अळीच्या सुईची लांबी, शेपटीच्या पारदर्शक टोकाची लांबी. एवढे करूनही शंका राहिली तर हल्ली डीएनए काढून ठरावीक तुकड्याचा क्रम वाचतात.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे वाचणाऱ्याला वाटेल. सिस्ट तर सिस्ट! पण शेतकऱ्याचा पुढचा निर्णय याच्यावर उभा आहे. फुलंब्री, सिल्लोड, कन्नड हा मक्याचा पट्टा. शेतात सापडलेली सिस्ट तुरीची असेल तर तिथे मका घेणे हा उत्तम उपाय, कारण मक्यावर कजानी जगत नाही. तीच सिस्ट मक्याची असेल तर मका घेणे म्हणजे तिला पोसणे. दोन्ही कवचे तपकिरी, दोन्ही लिंबाच्या आकाराची. खिडकीजवळच्या काही सहस्रांश मिलिमीटरच्या फरकावर त्या शेतातले पुढच्या वर्षीचे पीक ठरते. ओळख पटवणे म्हणजे पुस्तकी हौस नव्हे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

या दोन्ही जाती भारतातच पहिल्यांदा ओळखल्या गेल्या, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सुरुवातीला तुरीवरच्या सिस्टला दुसऱ्याच एका जातीच्या नावाखाली टाकले गेले होते. कोशींनी शंकूची ठेवण आणि अळीची मापे तपासून ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवले आणि १९६७ मध्ये तिला तुरीच्या शास्त्रीय नावावरून कजानी हे नाव दिले. मक्याची सिस्ट राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातून आली. कोशी, स्वरूप आणि सेठी यांनी १९७१ मध्ये तिचे वर्णन केले. दहा वर्षांनी ती अमेरिकेत मेरिलँडमध्ये सापडली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या लोकांचे वर्णन समोर ठेवून ती ओळखली. राजस्थानात गहू-जवावर मोल्या नावाने ओळखले जाणारे दुखणे सिस्ट सूत्रकृमीचे आहे, हे १९५८ साली उघड झाले. आणि १९६१ मध्ये इंग्लंडच्या रोथमस्टेडचे एफ. जी. डब्ल्यू. जोन्स निलगिरीत आले असताना उटीजवळच्या बटाट्यावर त्यांना सोनेरी सिस्ट दिसली.

निलगिरीचे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. किडीची नेमकी ओळख पटली म्हणून तिथून बियाण्याच्या बटाट्याची वाहतूक १९७१ पासून रोखता आली, म्हणून रोगाला दाद न देणारी जात शोधण्याचे काम सुरू झाले, आणि त्यातून १९८५ साली कुफरी स्वर्णा हा वाण आला. ओळख नसती तर सगळा दोष डोंगराच्या मातीवर जाऊन पडला असता. युरोपात तसे झालेही होते. जर्मनीत साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बीटचे उत्पन्न घसरत गेले तेव्हा लोक म्हणत, जमीन बीटला कंटाळली. १८५९ मध्ये हर्मान शाख्त यांनी बीटच्या मुळांवर हे पांढरे ठिपके पाहिले आणि जमिनीवरचा आळ उतरला. १८७१ मध्ये श्मिट यांनी त्या सूत्रकृमीला शाख्त यांचेच नाव दिले.

महाराष्ट्रात तुरीची सिस्ट नोंदली गेली आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९८० आणि ९० च्या दशकांत तूर आणि हरभऱ्यावरच्या सूत्रकृमींवर भरपूर काम केले, आणि विदर्भातल्या या दोन पिकांच्या शेतांचे सर्वेक्षण १९९७ मध्ये छापून आले. याच काळातल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मराठवाड्यातल्या प्रत्येक तूर उत्पादकाला सांगायला हवी: कजानी आणि मर रोगाची बुरशी एकत्र आली, तर मरीला बळी पडणाऱ्या तुरीत मर वाढते. सूत्रकृमी मुळाला जखमा करते, झाड खचवते, आणि बुरशीचे काम सोपे होते. म्हणजे मर लागली हे निदान खरे असूनही अपुरे असू शकते.

वाणाच्या तक्रारींतही हा धागा पाहावा लागतो. इथून जालना रोडने गेले की बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे केंद्र, आणि बीएसएमआर-७३६, बीडीएन-७११, बीडीएन-७१६ हे तुरीचे वाण त्याच मातीतले. मराठवाड्याच्या तुरीवर या केंद्राचे मोठे ऋण आहे. मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे वाण त्यांनी शेतकऱ्याच्या हाती ठेवले. पण मरीशी झुंजण्याचा गुण म्हणजे सूत्रकृमीशी झुंजण्याचा गुण नव्हे. चांगला वाण पेरूनही तूर खुरटली की लोक बियाण्याला शिव्या देतात. त्या शेतातली मुळे कोणी धुतलेली नसतात.

माझा स्वतःचा कयास असा आहे की गेल्या काही दशकांत आपण या किडीला नकळत हात दिला. मराठवाड्यात पूर्वी खरिपाची ज्वारी आणि बाजरी मुबलक होती. तुरीचे तास ज्वारीत असत. ज्वारी, बाजरी, मका ही कजानीची पिके नाहीत, तिथे तिची उपासमार होते. खरीप ज्वारी मागे हटली, सोयाबीन आणि कपाशीने ती जागा घेतली. दुसरीकडे मूग, उडीद, चवळी, मटकी, गवार, तीळ ही सगळी या सूत्रकृमीला चालणारी पिके. यंदा तूर, पुढल्या वर्षी मूग-उडीद, त्या पुढल्या वर्षी पुन्हा तूर, असा फेर धरणारा शेतकरी कडधान्याने जमीन सुधारते या योग्य समजुतीने वागत असतो. ज्या शेतात सिस्ट आहे तिथे मात्र त्याने मध्ये दोन हंगाम तरी तृणधान्य घ्यायला हवे. ते कोणत्या शेतात, हे माती धुतल्याशिवाय कळत नाही.

औषधाचा मार्ग इथे तोकडा आहे. पूर्वी मातीत दाणेदार फोरेट टाकत. त्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, ते माणसालाही मारणारे विष होते. कोरडवाहू तुरीच्या एकराला महागडे सूत्रकृमीनाशक परवडत नाही. हाती उरते ते एवढे: उन्हाळी खोल नांगरट करून माती एप्रिल-मेच्या उन्हात तापू देणे, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनमसारख्या मित्रबुरशी शेणखतात मुरवून देणे, फेरपालट, आणि बाधित शेतातून निघालेला वखर-नांगर दुसऱ्या शेतात नेण्याआधी त्याची माती काढणे. यातला एकही उपाय एका वर्षात सिस्ट संपवत नाही. संख्या खाली आणतो, आणि पीक तगायला तेवढे पुरे असते.

आता सरकारी तपासणीबद्दल. मृद आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढहून सुरू झाली. तिच्यात १२ गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चांगली योजना, लाखो शेतकऱ्यांच्या हाती पत्रिका पोचली. पण या बाराही रकान्यांत एकही जिवंत गोष्ट नाही. मातीत काय जगते याची पत्रिकेला खबर नाही. देशभरच्या पिकांचे सूत्रकृमींमुळे होणारे नुकसान २१.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १०,२०४ कोटी रुपये, असा अंदाज २०२० मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडला. एवढ्या आकड्यासाठी तेरावा रकाना काढायला हरकत नसावी. निदान जिथे तूर, अद्रक, डाळिंब, मोसंबी आहे अशा तालुक्यांपासून सुरुवात करावी. चाळण्या, नरसाळी आणि एक द्विनेत्री सूक्ष्मदर्शक यांचा खर्च जिल्ह्याच्या माती प्रयोगशाळेला जड नाही. जड आहे ते माणूस तयार करणे. सिस्ट आणि गवताचे बी यांतला फरक ओळखणारी नजर काही महिन्यांच्या सरावाने येते. शंकू कापून जात सांगणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. परभणी विद्यापीठाच्या पैठण रोडवरच्या केंद्रासारख्या ठिकाणी कृषी पदवीधरांना राहुरीच्या तज्ज्ञांकडून हे काम शिकवता येईल. शहरातल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या मुलांनाही यात घ्यावे. या शहरात सूक्ष्मदर्शक भरपूर आहेत आणि त्यांच्याखाली ठेवायला आपल्याच शेतांची माती आहे.

दिवाळीला पुंडलिकनगरातली कितीतरी घरे कुलूप लावून गावाकडे निघतात. तेव्हा तूर कळी-फुलावर असते आणि खुरटलेली जागा नजरेत भरते. वाचकहो, या खेपेला शेतात गेलात तर एक पिशवी भरून आणा. मधोमध वाळलेल्या झाडांजवळची माती नको, तिथे किडीला खायला काही उरलेले नसते. खुरटलेल्या जागेच्या कडेची, पिवळी पण जिवंत झाडे निवडा. वाफसा असताना वरची सुकी माती बाजूला सारून वीतभर खोलीपर्यंतची, मुळांलगतची माती पंधरा-वीस ठिकाणांहून घ्या, एकत्र करा, त्यातली अर्धा किलो तंतुमुळांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. गाव, गट क्रमांक, यंदाचे आणि गेल्या दोन वर्षांचे पीक कागदावर पेन्सिलीने लिहून आत टाका. पिशवी उन्हात किंवा बंद गाडीत तापू देऊ नका. मग ती घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा आणि सूत्रकृमीसाठी तपासून मागा. तिथे सोय नसेल तर ती राहुरीला कशी पाठवायची ते विचारा, आणि सोय नाही हे उत्तर लेखी घ्या. अशी लेखी उत्तरे जिल्ह्यातून शंभर जमली, तर तेराव्या रकान्याची मागणी घेऊन कृषी आयुक्तालयात जाता येईल.